लिनक्सवर प्रिंटर चालत नाही म्हणतात, पण टर्मिनलमध्ये एक ओळ लिहिली की बहुतेक प्रिंटर चालतात

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. ज्यांच्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढत नाही, त्यांच्यातल्या काहींनी नवा लॅपटॉप घेतला, काहींनी आहे तसंच चालू ठेवलं आणि काहींनी कुणाच्या तरी सांगण्यावरून जुन्याच मशीनवर उबुंटू नाहीतर मिंट टाकून घेतलं. मशीन पळायला लागलं, ब्राउझर चालला, यूट्यूब चाललं, घरातले खूश.

मग एक दिवस सातबाऱ्याची प्रिंट काढायची असते, नाहीतर पोराचं हॉलतिकीट. प्रिंटरची केबल जोडली जाते आणि काहीच होत नाही. प्रिंटरसोबत आलेल्या सीडीवर फक्त विंडोजचा ड्रायव्हर. तिथंच "लिनक्सवर प्रिंटर चालत नाही" हे वाक्य ऐकू येतं आणि माणूस पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानाकडं निघतो.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी हे वाक्य बरंचसं खरं होतं. आज ते अर्धंच खरं आहे. गेल्या काही वर्षांत निघालेला प्रिंटर असेल तर लिनक्सला ड्रायव्हरच लागत नाही, टर्मिनलमधली एक ओळ पुरते. जुना असेल तर सगळा खेळ एकाच गोष्टीवर ठरतो, तो म्हणजे त्या प्रिंटरची भाषा कंपनीशिवाय दुसऱ्या कुणाला येते का.

हा भाषेचा प्रश्न लिनक्सपेक्षाही जुना आहे.

एका अडकलेल्या कागदाची गोष्ट

साल १९८० च्या आसपासचं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या आर्टिफिशियल इंटेलिजन्स लॅबमध्ये रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर काम करत होता. लॅबला झेरॉक्स कंपनीकडून एक नवा लेझर प्रिंटर भेट मिळाला होता. वेगवान, छपाई देखणी, पण कागद अडकायचा. प्रिंटर एकीकडं, माणसं दुसरीकडं. प्रिंट दिली आणि तासाभरानं जाऊन बघितलं तर कागद केव्हाचा अडकलेला आणि मागं सगळ्यांची कामं तुंबलेली.

आधीच्या प्रिंटरलाही हा आजार होता. पण त्या प्रिंटरचा प्रोग्राम लॅबकडं होता, म्हणून स्टॉलमननं त्यात बदल करून टाकला होता. कागद अडकला की ज्यांची कामं रांगेत आहेत त्यांच्या स्क्रीनवर निरोप जायचा आणि कुणीतरी उठून कागद काढायचं. नव्या प्रिंटरलाही हेच करायचं होतं, पण त्याचा सोर्स कोड कंपनीनं दिलाच नव्हता. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका माणसाकडं तो आहे असं कळल्यावर स्टॉलमन त्याच्याकडं गेला, तर त्यानं नकार दिला. कोड कुणाला दाखवणार नाही असा करार त्यानं केला होता.

स्टॉलमनच्या डोक्यात ही गोष्ट बसली. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यानं ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि फ्री सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. आज लिनक्स म्हणून आपण जे वापरतो त्यातला मोठा भाग याच प्रकल्पातून आलाय. आपल्याकडं ज्या कंपनीच्या नावावरून छायाप्रतीला 'झेरॉक्स' म्हणतात, तिच्याच प्रिंटरमुळं हे सगळं घडलं ही त्यातली गंमत.

मग कप्स आलं

चळवळ उभी राहिली तरी प्रिंटरचा प्रश्न बराच काळ तसाच होता. त्या काळी युनिक्सच्या जगात छपाईची दोन घराणी होती. बर्कलेवाल्यांची कमांड 'एलपीआर', एटी अँड टीच्या सिस्टीम फाइव्हवाल्यांची 'एलपी'. यातलं एल-पी म्हणजे लाइन प्रिंटर, एका वेळी अख्खी ओळ ठोकणारं अवाढव्य मशीन. (त्याच जमान्याची आठवण म्हणून लिनक्सच्या कर्नलमध्ये 'एलपी०'ला आग लागलीय, असा इशारा कित्येक वर्षं होता. प्रिंटर काहीतरी बिघाड सांगतोय पण नेमका कोणता ते कळत नाही, अशा वेळी तो यायचा. आग बहुतेक वेळा लागलेली नसायची.)

१९९७ मध्ये मायकेल स्वीट या अमेरिकन प्रोग्रामरनं ही दोन्ही घराणी एकत्र आणायला घेतली आणि १९९९ मध्ये 'कॉमन युनिक्स प्रिंटिंग सिस्टीम' बाहेर आली. आद्याक्षरं जोडून तिला 'कप्स' म्हणतात. तिच्यात एलपी आणि एलपीआर दोन्ही कमांड चालतात, म्हणून आजही लिनक्सवर एकाच कामाला दोन दोन कमांड दिसतात. गोंधळू नका, कुठलीही वापरा.

२००२ मध्ये ॲपलनं मॅकच्या छपाईसाठी कप्सच घेतलं, २००७ मध्ये तिचा कोड विकत घेतला आणि स्वीटलाही नोकरीवर ठेवलं. म्हणजे मॅकवर आणि उबुंटूवर 'प्रिंट' दाबल्यावर मागं बरीच वर्षं एकच यंत्रणा चालत आलीय. २०१९ च्या शेवटी स्वीट ॲपलमधून बाहेर पडला. लिनक्ससाठीच्या कप्सचं काम आता 'ओपनप्रिंटिंग' हा गट बघतो आणि स्वीटही तिथंच आहे.

कप्स काम कसं करतं, तर थोडंसं पोस्ट ऑफिससारखं. तुम्ही फाइल देता, ती रांगेत लागते. फाइल कुठल्या प्रकारची आहे ते बघून कप्स तिला पीडीएफसारख्या एका ठरावीक रूपात आणतं, मग प्रिंटरला समजेल अशा भाषेत उतरवतं आणि शेवटी यूएसबी नाहीतर नेटवर्कवरून पोचवतं. यातली अवघड पायरी तिसरी, प्रिंटरच्या भाषेची. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचीही वेगळी. ही भाषा शिकवणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. कंपन्या तो विंडोजसाठी बनवायच्या आणि लिनक्सकडं फार कमी जणी बघायच्या.

आयफोननं लिनक्सचं काम केलं

हे बदललं ते फोनमुळं. २०१० मध्ये ॲपलला आयफोन आणि आयपॅडवरून प्रिंट द्यायची होती. आता फोनमध्ये हजारो मॉडेलचे ड्रायव्हर कोण भरणार? म्हणून ॲपलनं 'एअरप्रिंट' काढलं आणि सरळ प्रिंटर कंपन्यांना सांगितलं की तुमच्या प्रिंटरनंच एक सामायिक भाषा बोलायची. आयफोनवाल्या गिऱ्हाइकाला नाही कोण म्हणणार? कंपन्यांनी ऐकलं. तीन वर्षांनी, २०१३ मध्ये, याच धर्तीवर 'आयपीपी एव्हरीव्हेअर' नावाचं खुलं मानक आलं. त्यात प्रिंटर स्वतःच सांगतो की मी कलर आहे, दोन्ही बाजूंनी छापतो, माझ्या ट्रेमध्ये ए४ कागद आहे.

लिनक्सवाल्यांना हे आयतंच मिळालं. फोनसाठी शिकलेली भाषा प्रिंटर लिनक्सशीही बोलायला लागला. म्हणून प्रिंटर विकत घेताना खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया लिहिलंय का एवढं बघितलं, तरी लिनक्सचा प्रश्न जवळजवळ सुटतो.

आता टर्मिनल उघडा

माउसनं मेन्यूत जाऊन हे सगळं करता येतं की, मग कमांड कशाला? एक तर उबुंटूचा मेन्यू वेगळा, मिंटचा वेगळा, फेडोराचा आणखी वेगळा, पण कप्सच्या कमांड सगळीकडं त्याच. दुसरं म्हणजे मेन्यूत काही बिनसलं की नुसतं चाक फिरत राहतं, कमांड निदान काय अडलंय ते सांगते. शिवाय भाच्याला पुण्यातून गावाकडच्या मामांचा प्रिंटर सुरू करून द्यायचा असेल तर व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवता येते. "उजवीकडं वर गिअरचं चिन्ह दिसतंय का, नाही त्याच्या खाली" हा संवाद वाचतो.

खाली कमांड उच्चाराप्रमाणं दिल्यात. टाइप करताना त्या रोमन लिपीत, जोडाक्षर न फोडता सलग आणि स्मॉल अक्षरांत लिहायच्या. एलपीस्टॅट म्हणजे एल, पी आणि पुढं स्टॅट. जिथं कॅपिटल अक्षर लागतं तिथं तसं सांगितलंय, आकडे इंग्रजीच टाकायचे.

सगळ्यात आधी काहीही न बसवता हे लिहून बघा:

एलपीस्टॅट -ई

यातली ई स्मॉल. नेटवर्कवर दिसणारे सगळे प्रिंटर ही कमांड दाखवते. वायफायचा नवा प्रिंटर असेल तर त्याचं नाव इथं आधीच आलेलं असण्याची दाट शक्यता आहे, कारण असे प्रिंटर कप्स स्वतःच शोधून ठेवतं. नाव दिसलं तर बसवायचं काही उरलंच नाही, थेट प्रिंट द्या. नव्या उबुंटूत यूएसबीनं जोडलेल्या नव्या प्रिंटरचंही असंच होतं. 'आयपीपी-यूएसबी' नावाचा छोटा प्रोग्राम केबलवरच्या प्रिंटरला नेटवर्कवरचा असल्यासारखं दाखवतो.

नाव दिसलं नाही तर पुढची कमांड:

सुडो एलपीइन्फो -व्ही

ही प्रिंटरचा पत्ता शोधते. सुडो विसरू नका, नाहीतर काही ठिकाणी अशी कमांडच सापडत नाही असं उत्तर येतं. कमांड असते, फक्त साध्या वापरकर्त्याच्या वाटेत ठेवलेली नसते. उत्तरात यूएसबी://, आयपीपी:// किंवा सॉकेट:// अशी सुरुवात असलेल्या ओळी दिसतील. तोच पत्ता. तो अख्खा कॉपी करायचा. यूएसबी पत्त्यात मॉडेलचं नाव आणि सिरीयल नंबरही असतो, हातानं टाइप करायला गेलात तर एखादं अक्षर हमखास चुकतं.

आता मुख्य ओळ. समजा प्रिंटर वायफायवर आहे आणि त्याचा आयपी पत्ता १९२.१६८.१.५० आहे:

सुडो एलपीअ‍ॅडमिन -पी घर -ई -व्ही आयपीपी://१९२.१६८.१.५०/आयपीपी/प्रिंट -एम एव्हरीव्हेअर

-पी नंतर प्रिंटरला तुम्ही द्याल ते नाव. 'घर' द्या, 'ऑफिस' द्या, फक्त नावात स्पेस, तिरकी रेघ आणि हॅशचं चिन्ह चालत नाही. -व्ही नंतर पत्ता. -एम एव्हरीव्हेअर म्हणजे ड्रायव्हर नको, प्रिंटरलाच विचार. ही ओळ देताना प्रिंटर चालू असायला हवा, कारण कप्स तेव्हाच त्याला सगळी माहिती विचारून घेतं.

मधली -ई मात्र कॅपिटल, आणि तिथं भलेभले फसतात. हीच ई -पी च्या आधी लिहिली तर तिचा अर्थ 'सर्व्हरशी बोलताना एन्क्रिप्शन वापर' असा होतो. नंतर लिहिली तर 'हा प्रिंटर चालू कर आणि कामं घ्यायला लाग' असा होतो. जागा चुकली तर कमांड तक्रार न करता पार पडते, प्रिंटर यादीतही दिसतो, पण प्रिंट दिली की हा कामं स्वीकारत नाही असं उत्तर मिळतं. कमांड बनवणाऱ्यांनी एकाच अक्षराला दोन अर्थ का दिले हा प्रश्न रास्त आहे, पण आता इतक्या वर्षांनी ते बदलणं शक्य नाही.

प्रिंटर बसला की तोच नेहमीचा ठेवायला:

सुडो एलपीअ‍ॅडमिन -डी घर

आणि छापायला:

एलपी सातबारा.पीडीएफ

दोन प्रती हव्या असतील तर मध्ये -एन २ लिहायचं. फक्त पहिली चार पानं हवी असतील तर कॅपिटल पी वापरून -पी १-४. दोन्ही बाजूंनी छापायला -ओ साइड्स=टू-साइडेड-लाँग-एज. तुमचा प्रिंटर काय काय करू शकतो त्याची यादी एलपीऑप्शन्स -पी घर -एल देते आणि सध्या जे ठरलंय त्यापुढं चांदणी दिसते.

त्या यादीत कागदाचा आकार जरूर बघा. लिनक्स बसवताना भाषा म्हणून अमेरिकन इंग्रजी निवडली असेल तर कागद 'लेटर' धरला जातो, आणि आपल्याकडं ट्रेमध्ये ए४. लेटर रुंदीला थोडा जास्त आणि उंचीला कमी असतो, त्यामुळं मजकूर सरकतो, कडा कापल्या जातात नाहीतर प्रिंटर चुकीचा कागद म्हणून अडून बसतो. एकदाच सुडो एलपीअ‍ॅडमिन -पी घर -ओ मीडिया=ए४ करून टाकलं की कटकट मिटते.

मराठी मजकुराचं एक वेगळं आहे. साधी टेक्स्ट फाइल थेट प्रिंटरला पाठवली तर इंग्रजी नीट येईल, पण मराठीत वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटू शकतात, कारण अक्षरं जोडून लिहिण्याचं काम त्या वाटेवर नीट होईलच असं नाही. म्हणून मराठी फाइल आधी लिबरऑफिसमधून पीडीएफ करून घ्यायची आणि तीच छापायला द्यायची. पीडीएफमध्ये अक्षरं आधीच बसवलेली असतात.

जुना प्रिंटर असेल तर

इथून पुढं भाषेचा जुना प्रश्न परत येतो. आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत, वकिलांच्या टेबलावर आणि शाळांच्या ऑफिसात जे प्रिंटर वर्षानुवर्षं दिसतात त्यातले बरेचसे एअरप्रिंट येण्याच्या आधीचे आहेत. एव्हरीव्हेअर त्यांना माहीतच नाही.

तेव्हा सुडो एलपीइन्फो -एम लिहायचं. कप्सकडं असलेल्या सगळ्या ड्रायव्हरची यादी येते, कधी कधी हजारो ओळींची. त्यात आपलं मॉडेल सापडलं तर मुख्य ओळीत एव्हरीव्हेअरच्या जागी त्या ओळीतला पहिला लांबलचक शब्द टाकायचा, बाकी सगळं तसंच.

सगळ्यात म्हाताऱ्यांचं काम सगळ्यात सोपं आहे, हे अनेकांना खरं वाटत नाही. पावत्या आणि पासबुकं छापणारे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर घ्या. त्यांतले बहुतेक एप्सनची जुनी भाषा बोलतात आणि ती सगळ्यांना माहीत आहे. कप्ससोबत एप्सन ९ पिन आणि २४ पिनचे ड्रायव्हर आधीच येतात.

खरी अडचण मधल्या काळातल्या स्वस्त लेझर प्रिंटरची. एचपीचा लेझरजेट १०२० हा त्याचा चांगला नमुना. स्वस्त ठेवण्यासाठी या प्रिंटरमध्ये फारशी अक्कल ठेवलेलीच नाही, पान तयार करण्याचं काम कॉम्प्युटरनं करायचं. इतकंच काय, प्रिंटर बंद करून चालू केला की त्याचं फर्मवेअरही पुसलं जातं आणि कॉम्प्युटरनं ते दर वेळी नव्यानं भरायचं. लिनक्सवर यासाठी एचपीचंच 'एचपीलिप' हे पॅकेज आहे. ते बसवून एचपी-सेटअप -आय लिहिलं की टर्मिनलमध्येच प्रश्न विचारत विचारत प्रिंटर बसतो. मध्येच ते एक प्लगइन उतरवायला सांगतं, तेव्हा इंटरनेट लागतं. ती पायरी टाळून चालत नाही, फर्मवेअर त्यातच आहे.

कॅननचा एलबीपी २९०० हा याहून हट्टी. तो 'कॅप्ट' नावाची कॅननची स्वतःची भाषा बोलतो आणि ती कंपनीनं उघड केलेली नाही. कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर आहे, पण तो जुन्या ३२ बिट लायब्ररींवर टेकलेला. नव्या लिनक्सवर त्या आधी शोधून बसवाव्या लागतात आणि सोबत वेगळा डेमनही चालवावा लागतो. दुसरी वाट म्हणजे प्रिंटर आणि विंडोज एकमेकांशी काय बोलतात ते ऐकून, त्यावरून भाषा ताडून बाहेरच्या प्रोग्रामरनी लिहिलेला 'कॅप्टड्रायव्हर' हा खुला ड्रायव्हर. तो सोर्समधून बनवून घ्यावा लागतो. हे सगळं नको असेल तर या मॉडेलवर वेळ घालवण्यापेक्षा तो विंडोजच्या मशीनलाच राहू देणं शहाणपणाचं.

प्रिंट अडकली की

काल चालणारा प्रिंटर आज गप्प. हा अनुभव सगळ्यांना येतो आणि बहुतेक वेळा कारण साधं असतं. कप्समध्ये प्रिंटरला दोन वेगवेगळे दरवाजे आहेत. एक कामं घ्यायची की नाही याचा, दुसरा घेतलेली कामं छापायची की नाही याचा. झेरॉक्सच्या दुकानात काउंटरवरचा माणूस कागद घेतोय पण आतलं मशीन बंद आहे, अशी अवस्था होऊ शकते. प्रिंट गेली असं दिसतं, कागद काही येत नाही.

कागद संपला, केबल हलली, वायफाय गेलं, असं काही झालं की कप्स बऱ्याच ठिकाणी दुसरा दरवाजा स्वतःच बंद करतं. तुम्ही कागद घालता, प्रिंटर चालू-बंद करता, पण दरवाजा आपोआप उघडत नाही. एलपीस्टॅट -पी लिहिलं तर प्रिंटर 'डिसेबल्ड' दिसतो. उपाय:

सुडो कप्सएनेबल घर

पहिला दरवाजा बंद असेल तर सुडो कप्सअ‍ॅक्सेप्ट घर. वर ई ची जागा चुकली असेल तर या दोन्ही कमांड एकामागून एक दिल्या की चूक सुधारते. वारंवार असं होत असेल तर सुडो एलपीअ‍ॅडमिन -पी घर -ओ प्रिंटर-एरर-पॉलिसी=रिट्राय-जॉब लिहून ठेवा, मग कप्स दरवाजा लावून घेण्याऐवजी थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करतं.

आणि रागाच्या भरात प्रिंटचं बटण दहा वेळा दाबलं असेल तर आधी कॅन्सल -ए. नाहीतर दरवाजा उघडल्या उघडल्या सातबाऱ्याच्या दहा प्रती बाहेर येतात.

जुना प्रिंटर फोनवर

कमांड शिकण्याचा सगळ्यात मोठा फायदा इथं आहे. यूएसबीचा जुना प्रिंटर एकदा लिनक्सवर बसला की सुडो कप्सकंट्रोल --शेअर-प्रिंटर्स लिहायचं. (कमांडचं स्पेलिंग कप्स आणि पुढं सी-टी-एल एवढंच.) मग सुडो एलपीअ‍ॅडमिन -पी घर -ओ प्रिंटर-इज-शेअर्ड=ट्रू. घरातला लिनक्स कॉम्प्युटर त्या प्रिंटरच्या वतीनं एअरप्रिंटची भाषा बोलायला लागतो आणि त्याच वायफायवरच्या फोनमध्ये प्रिंटर दिसायला लागतो. दुभाषाचं काम कॉम्प्युटर करतो, प्रिंटरला पत्ताही नसतो. यासाठी अडगळीतला लॅपटॉप किंवा रास्पबेरी पायसारखा छोटा बोर्ड पुरतो. त्याला स्क्रीन जोडायचीही गरज नाही, सगळं टर्मिनलमधून होतं.

शेअर करताना मात्र एक काळजी घ्यायची. सप्टेंबर २०२४ मध्ये सोशल मीडियावर एकच गडबड उडाली होती. सिमोने मार्गारितेल्ली या इटालियन सुरक्षा संशोधकानं लिनक्समध्ये अतिगंभीर भगदाड सापडल्याचं आधी नुसतं सूचित केलं, कुठं ते सांगितलं नाही. २६ सप्टेंबरला तपशील आला तेव्हा कळलं की भगदाड छपाईत आहे. नेटवर्कवरचे प्रिंटर शोधून देणारा 'कप्स-ब्राउज्ड' हा प्रोग्राम ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर कुणीही पाठवलेल्या निरोपावर विश्वास ठेवत होता. मी प्रिंटर आहे असं सांगून बाहेरचा माणूस यादीत खोटा प्रिंटर घुसवू शकत होता, आणि तुम्ही त्या खोट्या प्रिंटरला प्रिंट दिली की त्याची कमांड तुमच्या मशीनवर चालत होती.

सुरुवातीला उठलेल्या आवईइतकं ते भयंकर निघालं नाही, कारण कुणीतरी प्रिंट दिल्याशिवाय हल्ला पूर्ण होत नव्हता आणि घरातले कॉम्प्युटर राउटरच्या आड असतात. पण भगदाड खरं होतं. तेव्हाच दुरुस्त्या आल्या, म्हणून सिस्टीम अपडेट ठेवा. नवे प्रिंटर शोधायला हा प्रोग्राम बहुतेक घरांत लागतही नाही. सुडो सिस्टीमसीटीएल डिसेबल --नाऊ कप्स-ब्राउज्ड लिहून तो बंद केला तरी वर हातानं बसवलेला प्रिंटर चालत राहतो. राउटरवर ६३१ पोर्ट बाहेरच्या जगासाठी उघडून ठेवणं हे मात्र कुठल्याही कारणासाठी करू नका.

तो इशारा कसला?

जुन्या प्रिंटरला ड्रायव्हर लावताना एलपीअ‍ॅडमिन एक इशारा देतं, की प्रिंटर ड्रायव्हर आता कालबाह्य झालेत आणि कप्सच्या पुढच्या आवृत्तीत ते चालणार नाहीत. हा एरर नाही. प्रिंटर बसलेला असतो आणि आज तो छापतोही. पण इशारा खरा आहे. कप्सच्या तिसऱ्या पिढीत ड्रायव्हरची जुनी पद्धत काढून टाकायचं ठरलंय, फक्त सामायिक भाषा बोलणारे प्रिंटर राहणार.

मग जुन्यांचं काय? त्यासाठी ओपनप्रिंटिंगनं 'प्रिंटर ॲप्लिकेशन' हा प्रकार काढलाय. वर रास्पबेरी पायनं जे काम केलं तेच हा प्रोग्राम तुमच्याच कॉम्प्युटरच्या आत करतो. जुन्या प्रिंटरसमोर बसून तो कप्सला सांगतो की मी आयपीपी एव्हरीव्हेअरवाला नवा प्रिंटर आहे, आणि मागच्या बाजूनं जुन्या भाषेत छापून घेतो. एचपीलिप, घोस्टस्क्रिप्ट आणि गुटेनप्रिंटच्या ड्रायव्हरची अशी ॲप्लिकेशन स्नॅप स्टोअरवर आलीयत आणि त्यात हजारो जुनी मॉडेल आहेत. ज्यांचा प्रिंटर आज ड्रायव्हरवर चालतोय त्यांनी लगेच काही बदलायची गरज नाही. पण प्रिंटर भंगारात द्यायचा विचार चाललाच असेल, तर त्याआधी त्याचं मॉडेल या यादीत आहे का ते एकदा बघून घ्या.